दुसरी वाट

गेल्या वैशाखात माझ्या थोरल्या बहिणीचा अंगठा तीन दिवस लागला नाही. दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका लहान गावात ती राहते. भाऊजी शिक्षक होते. त्यांच्या माघारी तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि गावातला बँक मित्र आपल्या छोट्या यंत्रावर तिचा अंगठा घेऊन पैसे हाती ठेवतो. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "काकू, लिंक नाही, उद्या या." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याने तिला येताना पाहून लांबूनच हात हलवला. त्याच लिंकपायी रेशन दुकानाचे यंत्रही मुके होऊन बसले होते आणि दुकानदार व गावकरी यांच्यात शब्दाला शब्द वाढत होता. ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, आणि उधार मागणे तिच्या स्वभावात नाही. फोन लागत नव्हताच. एस.टी.ने अमरावतीला आलेल्या तिच्या शेजाऱ्याने निरोप दिला, तेव्हा चौथ्या दिवशी सकाळी मी निघालो.

गाव आठ-नऊ किलोमीटर राहिले असेल. रस्त्याच्या कडेने पाण्याच्या पाइपसाठी लांबलचक चर खणलेला होता आणि एका जागी, बाभळीच्या विरळ सावलीत टरपाल बांधून दोन पोरे बसली होती. समोर टिफिनच्या डब्याएवढे एक यंत्र. चरातून प्लॅस्टिकची नळी बाहेर ओढलेली, तिच्या पोटातून निळे, नारिंगी, हिरवे धागे लोंबत होते. गाडी थांबवून विचारले, "काय झालं रे बाप्पा?"

"जेसीबीनं केबल ओढली न काकाजी," मान वर न करता एकाने सांगितले. "एका जागी नाही, तीन जागी तोडली. इथं जोड मारला का पुढं दुसरा निघते."

मी तिथे अर्धा तास उभा राहिलो. पोरगा एकेक धागा सोलायचा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, काटकोनात कापायचा आणि त्या यंत्रात दोन्ही टोके समोरासमोर ठेवायचा. आत बारीकशी ठिणगी पडायची आणि काच काचेत वितळून एक व्हायची. आतल्या काचेची जाडी मिलिमीटरचा आठवा हिस्सा, आणि ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो तर त्याच्याही चौदा-पंधरा पटींनी बारीक. वारा आला की पोरगा अंगाचा आडोसा करायचा. धुळीचा एक कण बसला की जोड वाया. वैशाखातल्या वऱ्हाडात, उघड्या चराशेजारी, हे काम.

निघताना मनातले विचारून टाकले. अमरावतीत आमचे सगळे सुरळीत होते. शहरात केबल तुटत नाही का?

तो हसला. "तिकडं तं जास्त तुटते! रोज कोणी ना कोणी खोदूनच राह्यला. पण तिकडं रिंग हाय, तुटली तरी तुमाले समजत नाही. इकडं शेपूट हाय."

रिंग आणि शेपूट. हा लेख त्या दोन शब्दांवरच लिहितो आहे.

अमरावतीहून अकोल्याला जायला बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असा सरळ महामार्ग आहे. तो अडला तर दर्यापूर-म्हैसांगवरून वळसा घालून जाता येते. मोठ्या शहरांना जोडणारी ऑप्टिकल फायबरची जाळी अशीच कड्यासारखी घातलेली असतात. एका शहरापासून निघालेली तार दुसऱ्या शहराला भिडते आणि निराळ्या दिशेने फिरून पुन्हा पहिल्याकडे येते. कडे एका जागी तुटले तर प्रकाश उलट्या दिशेने धाडायचा, बस. हा निर्णय माणूस घेत नाही. येणारा प्रकाश मंदावला किंवा थांबला हे दोन्ही टोकांची यंत्रे स्वतःच ओळखतात आणि वाट बदलतात. एस.डी.एच. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत त्यासाठी घालून दिलेली मुदत पन्नास मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागाची आहे. पापणी लवायला याच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो. वळसा लांबचा पडला म्हणून फारसे बिघडत नाही, कारण काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. चारशे किलोमीटरचा फेरा दोन मिलिसेकंदांत पुरा होतो. तुम्ही नागपूरच्या लेकीशी बोलत असता, मध्ये कुठेतरी केबल तुटते, आणि तुमचे "बरं मग?" हे वाक्यसुद्धा तुटत नाही.

आम्ही मुले मूर्तिजापूर जंक्शनवर सांधा बदलताना पाहायला जात असू. एकीकडे हावडा-मुंबईची मोठी लाइन, दुसरीकडे अचलपूर आणि यवतमाळला जाणारी, आता बंद पडलेली शकुंतलेची अरुंद लाइन. सांधेवाला दांडा ओढायचा, रूळ खडकन सरकायचा आणि गाडी निमूट दुसऱ्या वाटेने जायची. सगळे कसब त्या दांड्यातच आहे असे आम्हाला वाटे. पुढचा रूळ कोणीतरी आधी टाकून ठेवलेला आहे, म्हणून दांड्याला अर्थ आहे, हे कळायला बरीच वर्षे जावी लागली.

माझे मामा तालुक्याच्या गावी टेलिफोन ऑपरेटर होते. सत्तरीच्या दशकातली गोष्ट. त्यांच्यासमोर भोकाभोकांची फळी असे, कोणी फोन उचलला की तिथली पापणी टपकन पडे आणि मामा दोरीचे टोक त्या भोकात खोचत. ट्रंककॉल साधा, अर्जंट की लाइटनिंग, त्यावर दर आणि त्यावरच माणसाच्या संकटाची प्रत ठरे. अकोल्याची लाइन लागत नसली आणि पलीकडे कोणाच्या घरी मयत असली, तर मामा नागपूरच्या ऑपरेटरला गळ घालून तिकडून फिरवून मुंबई लावून देत. अडल्या वेळी कुठली वाट मोकळी असते हे त्यांच्या डोक्यात असे. आजचे स्वयंचलित यंत्र जे करते ते मामा तोंडओळखीवर करत. फरक एवढाच की पन्नास मिलिसेकंदांऐवजी चाळीस मिनिटे लागत, आणि मामांना चहा लागे.

माणसाच्या हातून हे काम काढून घेण्याची पहिली मोठी कल्पना ज्याला सुचली तो अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा आल्मन स्ट्रोजर. धंदा अंत्यविधीच्या सामानाचा. कथा अशी सांगतात की गावच्या एक्स्चेंजमध्ये प्रतिस्पर्ध्याची बायको ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरला आलेले फोन ती नवऱ्याकडे जोडून द्यायची. कथा खरी असो वा नसो, १८९१ साली त्याला स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले हे खरे. जगातल्या दूरध्वनीच्या ऑटोमॅटिकपणाचा उगम असा मर्तिकाच्या दुकानात आहे. आपल्याकडे १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यात एस.टी.डी. सुरू झाली. ऑप्टिकल फायबरची पहिली यंत्रणा १९७९ साली आली ती आपल्या पुण्यात, तिथल्या स्थानिक एक्स्चेंजांना जोडण्यासाठी. आज हा तंतू महाराष्ट्रातच, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-शेंद्रा भागात तयार होतो. मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांची फळी केव्हाच भंगारात गेली होती. पण गंमत अशी की फळी गेली, दोऱ्या गेल्या नाहीत.

आजच्या कुठल्याही एक्स्चेंजच्या फायबर खोलीत डोकावा. भिंतभर उंच कपाट, त्यात शेकडो भोके आणि एका भोकातून दुसऱ्या भोकात गेलेल्या पिवळ्या दोऱ्यांचा गुंताडा. फोन जोडणे आपोआप झाले, पण कुठला तंतू कुठल्या तंतूला जोडायचा हे काम कालपरवापर्यंत हातानेच चालले. रात्री दोनला बिघाड झाला की कोणीतरी मोटारसायकल काढायची, साठ किलोमीटरवरच्या कुलूपबंद खोलीत जायचे, बॅटरीच्या उजेडात चिठ्ठ्या वाचायच्या आणि दोरी बदलायची. चिठ्ठी चुकीची असली तर चांगली चालू दोरी उपटली जाते. माझ्या एका मित्राने उमेदीच्या काळात अशीच एक उपटली होती. कुठे आणि कधी ते त्याच्यासाठी गुलदस्त्यातच ठेवू.

हेच काम आता यंत्राकडे जात आहे. एका प्रकारात मोहरीच्या दाण्याएवढे आरसे असतात. विजेच्या हलक्या दाबाने आरसा किंचित कलतो आणि एका तंतूतून आलेला प्रकाश दुसऱ्या तंतूच्या तोंडात पडतो. कवडशाशी खेळणारे लहान मूल करते तेच, फक्त नेम फार बारीक. गूगलने आपल्या प्रचंड संगणक केंद्रांत अशा आरशांच्या पेट्या वापरत असल्याचे २०२२ साली जगाला सांगितले. दुसऱ्या प्रकारात कपाटातच एक यांत्रिक हात असतो. तो दोरी काढतो, तिचे तोंड पुसतो, दुसरीकडे खोचतो आणि आपल्या वहीत नोंद करतो. त्याला मिनिटभर लागते, पण वीज गेली तरी खोचलेली दोरी जागच्या जागी राहते. लोडशेडिंग सोसलेल्या आपल्या भागाला हा गुण सांगायला नको. नागपूरला किंवा मुंबईला बसलेला अभियंता बटण दाबून दर्यापूरच्या खोलीतला तंतू बदलू शकेल, आणि त्याच दाराने प्रकाशाचा ठोका पाठवून, तो किती वेळाने परत उमटतो यावरून, तार नेमकी कितव्या किलोमीटरवर तुटली तेही सांगू शकेल. दूरध्वनी कंपन्यांना याची ओढ लागली तर नवल नाही. मी या यंत्रांच्या बाजूचा आहे. रात्रीच्या मोटारसायकलींवर पुरेशी माणसे दमली आहेत.

तरीही ताईच्या गावाला त्यातले सर्वांत महाग यंत्र आणून बसवले असते, तर त्या तीन दिवसांत त्याने काय केले असते? काहीच नाही. सांधा बदलायला दुसरा रूळ लागतो. शेपटीला तो नसतो.

आणि जिथे कागदावर रिंग असते तिथेही ती खरोखर असते का, हा पुढचा प्रश्न. चर खणायला पैसा लागतो, परवानग्या लागतात, शेतकऱ्याची आणि बांधकाम खात्याची मनधरणी लागते. मग मोह असा होतो की जायची तार आणि यायची तार एकाच चरात टाकावी. नकाशावर सुंदर वर्तुळ दिसते. जेसीबीच्या एका घासात वर्तुळाच्या दोन्ही बाजू तुटतात आणि स्वयंचलित यंत्र एका मेल्या तारेवरून दुसऱ्या मेल्या तारेवर पन्नास मिलिसेकंदांत उडी मारते. वेगवेगळ्या रस्त्याने आलेल्या ताराही नदी आली की एकाच पुलाच्या कठड्याला बांधल्या जाऊ शकतात. एकाच पुलावर भिस्त ठेवणे काय असते हे अकोटकरांना विचारा. २०२२ साली पूर्णेवरचा गांधीग्रामचा जुना पूल खचला आणि अकोला-अकोट वाहतूक आडवाटांनी फिरली. त्याच वर्षाच्या अखेरीस अकोला-अकोट रेल्वे सुरू झाली तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. रस्ता आणि रूळ, दोन निराळे पूल. रिंग म्हणतात ती ही.

शिवाय आपली माती. खारपाणपट्ट्यातली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. दरवर्षी ती पुरलेल्या नळीला थोडी थोडी ओढत राहते. घराच्या भिंतींना तडे पाडणारी जमीन काचेची काय भीड ठेवणार?

आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत काळजीची वाटते. स्वयंचलित यंत्र जखम झाकते. मामांच्या काळात लाइन तुटली की बाजारपेठ एक्स्चेंजच्या दारात यायची. आता रिंगची एक बाजू तुटली की कोणाचेच काही अडत नाही. नियंत्रण कक्षात एक लाल ठिपका उमटतो, आणि तसे ठिपके पुष्कळ असतात. ग्राहकाची तक्रार नाही, वरून फोन नाही, टोळी एकच आणि ती दुसरीकडे गुंतलेली. ठिपका आठवडाभर राहतो, महिनाभर राहतो. ज्या क्षणी पहिली बाजू तुटली त्या क्षणी रिंगची शेपूट झालेली असते, फक्त कोणाला सांगितलेले नसते. मग एखाद्या दिवशी दुसरी बाजू तुटते आणि अख्खे तालुके अंधारात जातात. सकाळी बातमी येते की "अचानक" सेवा कोलमडली. यंत्राला धीर धरायला शिकवलेले आहे. तुटलेली वाट पुन्हा जिवंत झाली तरी ते लगेच तिच्यावर परतत नाही. बहुधा पाच मिनिटे थांबते, ती खरोखर टिकते का पाहते आणि मगच विश्वास टाकते. तेवढी चिकाटी ठिपका पाहणाऱ्याने दाखवली तरी पुष्कळ.

सरकारच्या हे ध्यानात आलेच नाही असे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले, आणि महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्याने महानेट म्हणून हाती घेतले. पहिल्या आराखड्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत मुख्यतः एकच तार होती. शेपूटच. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला आणि त्यात गावे रिंगने जोडण्याचे ठरले. त्याच वर्षी मार्चमध्ये खणण्याआधी कळवण्याचे 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲपही आले. बेबंद खोदाईमुळे देशाचे वर्षाला सुमारे तीन हजार कोटींचे नुकसान होते, असा सरकारचाच अंदाज आहे. जेसीबीच्या चालकापर्यंत मात्र हे ॲप पोहोचलेले मी तरी पाहिले नाही. त्याला फुटावर पैसे मिळतात, आणि जमिनीखाली काय आहे हे त्याला कळते ते नळी बाहेर आल्यावर.

रिंग झाली की नाही हे तपासायला फार मोठी समिती लागत नाही. कंत्राटदाराचे बिल काढण्याआधी एखाद्या मंगळवारी भर दुपारी, ग्रामसेवक, बँक मित्र आणि रेशन दुकानदार यांना समोर बसवून, रिंगची एक बाजू मुद्दाम सोडावी. ताईसारख्या चार जणांचे अंगठे लावून पाहावेत. मग ती बाजू जोडून दुसरी सोडावी. दोन्ही वेळा अंगठा लागला तर बिल द्यावे. दोन्ही तारा कुठल्या शिवारातून, कुठल्या पुलावरून गेल्या आहेत याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. उघड्या डोळ्यांच्या गावाला तो एक दिवस वाचता येतो. दुसऱ्या वाटेसाठी प्रत्येक वेळी नवा चरच हवा असेही नाही. रेल्वेच्या कडेने रेलटेलचे फायबर जाते, दक्षिणेकडून समृद्धी महामार्ग गेला आहे. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर एकेरी मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून जागतिक विक्रम झाला. ज्यांना हे जमते त्यांना नव्या रस्त्याच्या पोटात एक रिकामी नळी आधीच टाकून ठेवणे अवघड जाऊ नये. रस्ता पुन्हा फोडून त्यात केबल टाकण्याचा विक्रम आपल्याकडे कोणी मोजत नाही, एवढेच.

त्या दिवशी ताईला मी अमरावतीहून नेलेल्या गोळ्या दिल्या. पैसे देऊ लागलो तर ते तिने घेतले नाहीत. "लिंक आली का घेईन मी माये," म्हणाली. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास बँक मित्राचा पोरगा धावत सांगायला आला. गर्दी झाली होती. तिचा नंबर सहावा होता. अंगठा पहिल्यांदा लागला नाही, तिने तो पदराला पुसला, मग लागला.

परतताना तो चर बुजवलेला दिसला. बाभळीखालचे टरपाल गेले होते, पोरे बहुधा तेल्हाऱ्याच्या वाटेला लागली होती. खाली केबल आहे हे सांगणारा दगड मात्र त्या जागी नव्हता. वीस-पंचवीस पावलांवर जेसीबी उभा होता आणि उद्याच्या खोदाईसाठी चुन्याची रेघ मारलेली होती. ती सरळ त्या नव्या जोडाच्या दिशेने येत होती. मी गाडीतून उतरलो, बांधावरचा एक मोठा धोंडा लोटत आणला आणि जोडावर ठेवला.